स्टँडवर राहिलेले इलेक्ट्रोड

इंदुरात, पलासियाच्या मागच्या गल्लीत, कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमची पाणी तपासायची लहानशी लॅब आहे. सर मालक आणि मी केमिस्ट, एवढाच स्टाफ. तिथे मला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते इलेक्ट्रोडांना. पेनाएवढी नळी, टोकाला पातळ काचेचा फुगा. पाण्यात आम्ल किती हे तो फुगा सांगतो. तो कोरडा पडू द्यायचा नाही आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवायचा नाही. काम झालं की धुवायचा, अलगद टिपायचा, आणि टोपणात पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण भरून त्यात ठेवायचा. घरी निघताना मी आधी टोपणं बघते, मग पंखे.

त्या दिवशी हातोदकडच्या एका गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाटली घेऊन आल्या. इंदूरच्याच, मराठी, नोकरीसाठी रोज तिकडे जा-ये करायच्या.

"ताई, बोअरचं पाणी एकदम खट्टं लागायला लागलंय. मुलं तोंड वाकडं करतात. बघा ना, पिऊ देऊ का त्यांना?"

मी इलेक्ट्रोड टोपणातून काढले, धुतले, स्टँडला लावले. तेवढ्यात जिन्यात गलका झाला. बिल्डिंगला आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. त्याच्या नोटिसा घरमालकानं दाबून ठेवल्या होत्या. आता सील करायला महापालिकेची माणसं आली होती. सगळ्यांना बाहेर काढलं.

मी दारातून परत वळले आणि कुलूप घेऊन उभ्या माणसाला म्हणाले, "भिया, बस दो मिनट. इनको गीला करके रख दूँ."

"मैडम, आपका सामान कोई नहीं ले जा रहा," तो शांतपणे म्हणाला. "सील खुलेगी तो सब मिल जाएगा."

त्याला कसं समजावणार? सामान जागच्या जागीच मरणार होतं. मी बोलत राहिले, तोवर कुलपावर कापड बांधून लाख ओतलीसुद्धा.

खाली रस्त्यावर मुख्याध्यापिका बाटली छातीशी धरून उभ्या होत्या.

"मग आता?"

"दुसऱ्या लॅबमध्ये द्या. रिपोर्टला वेळ लागेल, पण देतील."

"आणि तोपर्यंत?"

"बोअर बंद ठेवा."

"मग प्यायला काय देऊ, ताई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ऑटोला हात केला.

चैत्राचं ऊन तापलं होतं. सर घरमालकाला फोन लावत, तो उचलत नसे. मी रोज कामाच्या वेळी तयार व्हायचे आणि बिल्डिंगखाली जाऊन उभी राहायचे. वरची बंद खिडकी दिसायची. आत किती गरम होत असेल, याचाच विचार. घरी नवरा म्हणाला, "अगं, मशीनच आहे ना ते?" खरंच होतं त्याचं. तरी जेवण जाईना.

शेवटी काही आठवड्यांनी सील उघडलं, तेव्हा नळ्यांवर पांढरा खार चढला होता. मी इलेक्ट्रोड द्रावणात भिजत घातले, हलक्या आम्लानं धुतले, परत भिजवले. एक सावरला. दुसऱ्याचा आकडा स्थिरच होईना. आम्लता आधीच ठाऊक असलेल्या बफर द्रावणात धरला तरी सरकत राहायचा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबचा पडदा तर सुरकुतून फाटला होता. सर मागे उभं राहून बघत होते. "राहू द्या आता," एवढंच म्हणाले.

मग मुख्याध्यापिकांचा फोन आला. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट मिळाला होता. पाणी पिण्यालायक नव्हतं. का बिघडलं, ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

"मोटरला कुलूप लावलंय," त्या म्हणाल्या. "मुलं घरून बाटल्या आणतात. पण ताई, घरी तरी कुठलं पाणी आहे? जमिनीखाली सगळं एकच ना? मी रोज एकेक बाटली उघडून वास घेते. अजून काय करू, सांगा तुम्ही."

फोनवर पलीकडे शाळेची घंटा वाजली, मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. "बरं, ठेवते," त्या म्हणाल्या.