पाकोळीच्या पोटातला गुलाबी कागद

एलिजो बोर्गारेल्लोने जन्मभरात नाव घेण्यासारखं काय केलं, तर मडगार्ड. तेही एकाच गाडीचं, पुढचं आणि डावीकडचं. कारखान्याच्या कागदोपत्री त्या छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या गाडीला नुसता आकडा होता. कामगार तिला पाकोळी म्हणत. लाकडी साच्यावर पत्रा ठेवायचा आणि तो गालासारखा गोल होईपर्यंत हातोडीने ठोकत राहायचं, हे त्याने नऊ वर्षं केलं. आमच्या तोरिनो शहरात तेव्हा असे कारागीर गल्लोगल्ली होते, त्यामुळे त्याचं कौतुक असं कुणी केलं नाही. मडगार्ड झालं की आतल्या कडेला, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, तो खिळ्याने तीन टिंबं मारायचा. जुन्या कामगारांची रीतच होती ती. प्रत्येकाची आपली खूण, आणि मालकाला त्यातलं काही कळायचं नाही.

नऊ वर्षांत एकदाही त्याने पाकोळी चालवली नाही. कामगाराने तयार गाडीत बसायचं नाही, असा नियम होता. गाड्या फाटकातून बाहेर जायच्या तेव्हा हा हात पुसत उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, एक दिवस घेईन. मग लग्न झालं, मुली झाल्या, कारखाना बंद पडला, आणि तो एक दिवस काही उगवला नाही.

पासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले आणि सरळच सांगितलं. नजर कडांकडून मिटत चालली आहे, संध्याकाळी तर काहीच दिसणार नाही, यावर औषध नाही. गाडीचा परवाना चौदा ऑक्टोबरला संपत होता. तो पुन्हा मिळणार नव्हता.

तेव्हा मे महिना होता. एलिजो घरी आला, बायकोसमोर बसला आणि म्हणाला, "इनेस, मला पाकोळी घ्यायचीय."

"मलाही पोपच्या शेजारी बंगला घ्यायचाय," इनेस म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने थट्टा आवरली. न्हाणीघर नवं करायला साठवलेले सहा हजार युरो होते.  सकाळी तिने बँकेचं पुस्तक त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं. "फरशा उखडलेल्याच राहू देत. पण एक ऐक, मला त्या खटाऱ्यात बसवू नकोस. माझं कंबरडं आधीच गेलंय."

सहा हजारांत पाकोळी मिळणं म्हणजे वेडेपणाच होता. धडधाकट पाकोळीला हल्ली तीस हजार सहज पडतात. जर्मन येतात आणि न बोलता मोजून जातात. सहात मिळायच्या त्या रंग लावलेल्या, बाहेरून नवरीसारख्या आणि आतून गंजलेल्या. एलिजो आपल्या जुन्या सोबत्याला, कारखान्यात गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्या देल्मोला, घेऊन गावोगाव फिरला. कूनेओला एक बघितली, ब्येल्लाला एक, अलेस्सांद्रियाला दोन. सगळीकडे तेच. एलिजो रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढायचा, दाराखालच्या पत्र्यावर ठेवायचा, आणि ते टपकन खाली पडायचं. खाली पत्रा नव्हताच, होती ती पुट्टी.

"घेणार नाही," तो म्हणायचा.

"अरे, तू गाडी बघायला येतोस की मढं तपासायला?" देल्मो वैतागायचा. "जरा डोळेझाक कर की! तशीही होतेच आहे तुझी."

देल्मोची थट्टा अशीच, वर्मावर बोट ठेवणारी. पण एलिजोला डोळेझाक करता येत नव्हती, आणि त्यामागचं कारण तो कुणालाच सांगत नव्हता. कारखाना बंद पडल्यावर दहा वर्षं त्याने सेत्तिमोला माल्दोत्ती नावाच्या दलालाकडे काम केलं होतं. माल्दोत्ती गंजलेल्या गाड्या मातीमोल भावाने आणायचा. एलिजो त्यांच्या पोकळ पत्र्यांत वर्तमानपत्रं ठासायचा, वरून पुट्टी, मग घासकाम, रंग आणि खाली डांबर. खेळाचं गुलाबी वर्तमानपत्र त्याला आवडायचं. सकाळी वाचून व्हायचं आणि दुपारी गाडीत जायचं. घरात दोन पोरी खाणाऱ्या होत्या, दुसरं काम नव्हतं. त्याने स्वतःला हे कारण इतक्यांदा सांगितलं होतं की ते आता गुळगुळीत झालं होतं. आणि सवय बघा, पुट्टी ओली असताना तो तिच्या आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा. लबाडी करतानाही खूण केल्याशिवाय या माणसाला चैन पडत नव्हतं.

म्हणून त्याला कुणी फसवू शकत नव्हतं, आणि म्हणूनच त्याला काही घेता येत नव्हतं. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये सगळं शहर समुद्रावर गेलं आणि हा घरात टेलिफोनपाशी बसून राहिला. संध्याकाळी टेबलावरचा ग्लास त्याला चाचपून शोधावा लागायचा. एकदा तो ग्लास पडला, फुटला, आणि एलिजो हमसून हमसून रडला. इनेस काच गोळा करत राहिली. तिला माहीत होतं की हे ग्लासाचं रडणं नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस कार्मान्योलाहून एक निरोप आला. अदाल्जिसा प्रोनो नावाच्या विधवा बाईंकडे पाकोळी होती, साडेसात हजारांना. देल्मोला ताप होता, तेव्हा एलिजो एकटाच बसने गेला.

बाई सत्तरीच्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी गॅरेजचं दार उघडलं. लाल पाकोळी धुळीखाली उभी होती. एलिजोने सवयीने पुढच्या डाव्या मडगार्डच्या आत हात घातला, आणि बोटांना तीन टिंबं लागली.

 चाळीस वर्षांपूर्वी ही आपल्या हातून गेली! त्याला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. हात तसाच खाली सरकत चाकामागे गेला, दाराखालच्या पत्र्याच्या आतल्या कोपऱ्यात पोचला आणि तिथे थांबला. तिथे एक खळगा होता. त्याने अंगठा ठेवला. तंतोतंत बसला.

"यांनी चौऱ्याऐंशी साली घेतली," बाई मागून सांगत होत्या. "रेल्वेत तिकीट तपासनीस होते माझे यजमान. अकरा वर्षं पैसे साठवले. सेत्तिमोच्या कुठल्याशा दलालाकडून आणली. दुसऱ्याच महिन्यात ते एका घाटाने निघाले आणि मधूनच खचली ती, दारं लागेनात. दुरुस्तीवाल्याने खाली खरवडलं तर आतून वर्तमानपत्र निघालं. सगळ्या स्टेशनात हसू झालं हो. प्रोनोला लोकांची तिकिटं बरोबर तपासता येतात, स्वतःची गाडी तेवढी नाही! पुन्हा कधी रस्त्यावर नेली नाही त्यांनी. खरवडलेलं तसंच बुजवून टाकलं. पण दर रविवारी जेवण झालं की इथे यायचे आणि नुसते तिच्यात बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून. पंचवीस वर्षं. मी हाक मारली की यायचे."

एलिजो गुडघ्यांवरच होता. सांगावं, आत्ता सांगावं, असं त्याला वाटलं. पण चौदा ऑक्टोबरला सतरा दिवस उरले होते, खिशात सहा हजार होते, आणि जगात दुसरी पाकोळी मिळणार नव्हती. माणूस तेवढ्याशा वेळात किती घसरतो ते मी त्याच्यावरून शिकलो. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हिच्यात काही राम नाही. ज्याने कुणी हे काम केलंय तो हरामखोर होता. साडेसात कुणी देणार नाही. साडेपाच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्याआधी चौघं येऊन गेले. सगळ्यांनी वाहवा केली आणि परत आले नाहीत. खरं बोलणारे तुम्ही पहिलेच. साडेपाच द्या, आणि थांबा, कॉफी घेऊन जा."

त्याने कॉफी घेतली. अर्धा कप तसाच ठेवून तो उठला.

गाडी ट्रकवर चढवून देल्मोच्या शेडमध्ये आणली. एलिजोने ठरवलं होतं की या खेपेला सचोटीने करायचं. सडलेला पत्रा कापायचा, नवा ठोकायचा, जोडायचा. त्याने कापला. आतून गुलाबी कागद निघाला, ओला, काळपट. पत्रा त्याने हातांच्या भरवशावर ठोकला, आणि झकास ठोकला. हात विसरले नव्हते. पण वेल्डिंगला डोळे लागतात. ठिणगी पेटली की त्याला सगळा पांढरा अंधार दिसे. सांध्याऐवजी भलतीकडेच भोक पडे. तीनदा केलं, तीनदा जळलं. दुसऱ्याकडे द्यावं तर सगळेजण डिसेंबरची तारीख सांगत, आणि रक्कम अशी की तेवढ्यात दोन न्हाणीघरं झाली असती.

अकरा ऑक्टोबरला तो शेडमध्ये एकटाच बसला होता. शेजारी सकाळचं वर्तमानपत्र पडलं होतं, गुलाबी. त्याने ते उचललं. चुरगाळलं. पोकळीत ठासलं. वरून पुट्टी लावली, ती वाळायच्या आत आतल्या कोपऱ्यात अंगठा दाबला, आणि मग आपण काय केलं ते कळून तो कपाळावर हात मारून घेत राहिला.

तेरा तारखेला दुपारी तीन वाजता तो निघाला. निघतोय हे त्याने इनेसला सांगितलं नाही. डोक्यावर उघडं आभाळ, पो नदीच्या बाजूचा रस्ता, दोन्हीकडे पॉप्लरची पिवळी झाडं. पाकोळी गुरगुरली, मग मोकळी झाली आणि धावली. चाळीसहून जास्त वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते हे होतं, आणि ते खरंच तसंच होतं, त्याने मनात रंगवलं होतं त्याहून तसूभरही कमी नाही. त्याने मोठ्याने हाक दिल्यासारखा आवाज काढला. दोन-अडीच तास भटकल्यावर एका वळणावर खालून कर्र आवाज आला, पायाखालचा पत्रा दबला, डावं दार आपोआप उघडलं. त्याने एका हाताने दार ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने चालवत राहिला. आता त्याला कळलं की आपण कार्मान्योलालाच चाललो आहोत, आणि का.

प्रोनोबाई फाटकापाशी पानं झाडत होत्या. गाडी बघून त्यांचा चेहरा उजळला. "चालवलीत! अहो, चालली की! यांनी पाहायला हवं होतं."

एलिजो उतरला. दार त्याच्या हातातून सुटून लोंबकळलं. "बाई," तो म्हणाला, "तो हरामखोर मीच."

"कोण?"

"सेत्तिमोचा. कागद मी भरले होते. गॅरेजमध्ये हात लावला तेव्हाच मला कळलं होतं, आणि तरी मी तुम्हाला दोन हजारांनी खाली आणलं. माझ्याच लबाडीचा भाव पाडून."

बाईंचा झाडू थांबला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

"ते मला एकच विचारायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "पंचवीस वर्षं एकच. ज्याने केलं त्याला ठाऊक असेल का, की यात कुणीतरी बसणार आहे? मी म्हणायची, छे हो, कामगार बिचारा, त्याला काय माहीत. तुम्ही सांगा. ठाऊक होतं?"

एलिजोला खोटं बोलता आलं असतं. समोरचा चेहरा त्याला तसाही नीट दिसत नव्हता. उजेड उतरायला लागला होता.

"होतं," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या.

त्याने खिशातून उरलेले पाचशे काढले. त्यांनी ते घेतले नाहीत. गाडी परत ठेवून घ्या म्हणाला, त्यांनी मान हलवली. मग तो जायला वळला आणि फाटकाच्या खांबाला धडकला. कडा गेल्या होत्या. रस्ता, झाडं, गाडीचा लाल रंग, सगळं एकाच करड्या रंगात बुडत होतं. परवाना आणखी एक दिवस होता, पण डोळे आजच संपले होते.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "संध्याकाळचं दिसत नाही मला. मित्राला फोन केला तर तो न्यायला येईल. तासभर लागेल. मी इथे रस्त्यावर थांबतो."

बाईंनी त्याच्याकडून नंबर घेतला, आत जाऊन फोन केला आणि परत आल्या. त्यांनी त्याला दंडाला धरलं. एलिजोला वाटलं, घरात नेताहेत. त्यांनी त्याला गाडीपाशी नेलं, लोंबकळतं दार बाजूला सारलं आणि त्याचा हात सीटवर ठेवला.

"इथे बसा," त्या म्हणाल्या. "असं नुसतं बसलेलं माणूस हिच्या सवयीचं आहे."

मग त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. एलिजो बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्याने ते स्टिअरिंगवर ठेवले. आणि तसाच बसून राहिला, कुणीतरी हाक मारेल म्हणून.