कोपऱ्यातल्या खोलीतला कूलर

"पंचेचाळीस डिग्रीत मच्छर भाजून मरते. हे मॅडमले कोन सांगन?"

खिडकीबाहेर हवालदार वानखडे स्वयंपाक्याशी बोलत होते. मी आत औषधांच्या पेट्या लावत होते. कूलरच्या पाण्यात डास होतात, असं मी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. मी शॉर्ट सर्व्हिसवरची आर्मी डॉक्टर, कॅप्टन. शिक्षण इंग्लिश मीडियमचं. वऱ्हाडी कळायची, उत्तर द्यायला जीभ वळायची नाही.

भरती मेळाव्यासाठी आमची तुकडी अमरावतीत एका रिकाम्या वसतिगृहात उतरली होती. दिवस मे अखेरचे. खोलीखोलीत कूलर. पाणी, रेशन, पलंग, सगळी व्यवस्था वानखड्यांकडे. ते मूर्तिजापूरचे.

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. त्या उन्हात उघड्यावरचा डास टिकत नाही. पण कूलरच्या आत, वाळ्याच्या ओल्या ताटीमागे, गारवा असतो आणि अंधार असतो. तिथे तो तग धरतो. खरी भीती पारा तिशीच्या आसपास उतरल्यावर. तेव्हा अळीचा डास भराभर होतो आणि जगतोही जास्त. डेंग्यूचा विषाणू त्याच्या अंगात लवकर तयार होतो. थंडीत त्याला इतका वेळ लागतो की बहुतेकदा डासच आधी मरतो.

जूनमध्ये पारा उतरला. कूलर बंद झाले, टाक्या भरलेल्याच राहिल्या. सकाळच्या रोल कॉलला मी ऑर्डर दिली. सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या, घासायच्या, उन्हात वाळवायच्या.

"पानी सांडाचं, मॅडम?" वानखड्यांनी विचारलं.

"सांडायचं."

"यस मॅडम."

संध्याकाळी वानखड्यांचा रिपोर्ट आला. सगळ्या टाक्या रिकाम्या.

दोन आठवड्यांनी वानखड्यांनाच ताप भरला. टेस्टमध्ये डेंग्यू निघाला. मी त्यांना एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या तात्पुरत्या दवाखान्यात, मच्छरदाणीत ठेवलं. चौथ्या सकाळी ताप उतरला. मी राउंडला गेले तर ते दाढी करून, युनिफॉर्म घालून बसलेले.

"ताप गेला, मॅडम. ग्राउंडवर पोरं पळून राहिले. मी काहून झोपू?"

"डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका असतो, बीपी एकदम पडू शकतं. तुम्हाला हॉस्पिटलला हलवतेय. गाडी येईपर्यंत उठायचं नाही."

"डॉक्टर लोक तापातबी भेववतात अन् ताप गेल्यावरबी," ते हसले. पण आडवे झाले.

तेवढ्यात धावताना चक्कर आलेला एक उमेदवार आणला. मी त्याला सलाइन लावत होते, तेव्हा वायरलेस सेट खरखरला.

"मेडिकल, ग्राउंड. वानखडे कोसळलेत. ओव्हर."

पलंगाकडे पाहिलं. रिकामा होता.

"पाय वर धरा. पाणी पाजू नका. येतेय. ओव्हर."

बाहेर एवढा उकाडा, आणि त्यांचे हात गार. नाडी दोऱ्यासारखी. पोट दुखतंय म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये दोन्ही हातांना सलाइन लावली. ड्रायव्हरला म्हटलं, थांबू नका. शहरातलं हॉस्पिटल जवळ होतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं. दुपारी चारला वानखडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक खोली पाहिली. टाक्या कोरड्या होत्या, एक सोडून. वानखड्यांच्या कोपऱ्यातल्या खोलीतला कूलर काठोकाठ भरलेला. वरून गोणपाट टाकलेलं, धूळ पडू नये म्हणून. खाली अळ्या वळवळत होत्या. स्वच्छ दिसणारं पाणी मोरीत ओतायला त्यांचा हात धजला नव्हता.

वानखड्यांचं सामान पोचवायला मी आणि आमच्या तुकडीचे सुभेदार साहेब मूर्तिजापूरला गेलो. वाटेत ते म्हणाले, "फक्त ताप सांगा, मॅडम. जास्त नको."

वानखड्यांच्या आईंनी चहा दिला. लेकाच्या युनिफॉर्मवरून हात फिरवत बसल्या. शेजारी त्यांची नात झोपली होती, बंद कूलरला पाय टेकवून. मी टाकीत डोकावले. तेच वळवळणं.

त्यांनी माझी नजर पाहिली.

"नळ बाराव्या दिवशी येते, बाई. भांडे घासाले ठेवलं ते पानी. माह्या लेकानं कधी थेंब सांडू देल्ला नाई."

सुभेदार साहेबांनी डोळ्यांनी खूण केली, निघू या. नातीच्या पोटरीवर एक डास बसला. मी तो हाताने हाकलला.

"आई," मी म्हणाले, "वानखडे साहेब अशाच पाण्यातल्या डासानं गेले. त्यांच्या खोलीत भरलेली टाकी होती. ही पोरगी इथंच झोपते. हे पाणी मला सांडू द्या."