सोमवारी पैसा बघायला येणारी अक्का

महाजन साहेबांचा फोन आला तेव्हा मी इथे तमिळनाडूत, होसूरच्या गॅरेजमध्ये एका ट्रेलरचं मागचं चाक खोलत होतो. साहेब सोनगीरच्या बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त आहेत. गावाकडचा नंबर दिसला की मी फोन आधी चार वेळा वाजू देतो, हप्ते थकवून पळालेल्या माणसाची ही तीन वर्षांची सवय... "सुभाष, लीलाअक्का गेली रे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तिने शपथ घातली होती म्हणून गप्प होतो." त्याला आता महिना होईल. ती गोष्ट मी अजून घरच्यांनाही सांगितलेली नाही.

लीलाअक्का माझ्या नात्यातली नव्हती. मी बोदवडचा, सातवीतून शाळा सोडून धुळ्याजवळ सोनगीरला हायवेवर पंक्चर काढायला आलेला. अक्का सोनगीरचीच, धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात आया म्हणून जन्मभर राबली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. काम सुटल्यावर फंडाचे पैसे मिळाले ते तिने बँकेत मुदत ठेवीत टाकले. त्याच दिवशी, त्याच वेळी मी शेजारच्या टेबलावर हवेच्या कंप्रेसरसाठी मंजूर झालेल्या कर्जाच्या कागदांवर सह्या करत होतो. अक्काने खिडकीतून विचारलं, "साहेब, मना पैसा कोन्ता कपाटमा ठेवशात?" महाजन साहेब थट्टेखोर माणूस. म्हणाले, "कपाटात ठेवला तर तुम्हाला व्याज कुठून देऊ अक्का? थोडा गल्ल्यात राहतो, थोडा रिझर्व्ह बँकेत, थोडा सरकारी रोख्यांत. बाकीचा हा बसला आहे ना, याला दिला." सगळे हसले. अक्का हसली नाही. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दारू पेस का रे?" मी नाही म्हणालो. "मंग ठीक शे," म्हणून ती पावती पदराला बांधून निघून गेली.

पुढच्या सोमवारी ती माझ्या टपरीवर हजर. "मना पैसा दखू दे." मी कंप्रेसर दाखवला. तिने टाकीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, दवाखान्यात डॉक्टर रोग्याची छाती वाजवून बघतात तसं, आणि आवाज पसंत पडल्यासारखी मान हलवली. त्यानंतर एक सोमवार चुकला नाही. येताना फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा असे. मी उशिरा दुकान उघडलं तर, "मना पैसा झोपी ऱ्हायना का?" असं टोचून बोले. ट्रक ड्रायव्हर पैशावरून घासाघीस करू लागला की मधेच म्हणे, "भाऊ, हवा फुकट नई भरास, मना पैसा शे त्यामा." खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटायचा. बापाने कधी विचारलं नव्हतं की तुझा धंदा कसा चालला आहे.

महाजन साहेबांनी तिला पुष्कळदा समजावलं की ठेवीदारांचा सगळा पैसा एकत्र होतो, कुणाचा कुणाला गेला असं काही नसतं. ती ऐकून घेई आणि भलतंच विचारी. "माले कमी व्याज देतस, याना कडथून जास्ती लेतस. मधलं कोन खास?" साहेब म्हणाले, "मी खातो अक्का. माझा पगार, दिवाबत्ती, सगळं त्यातूनच." यावर मात्र ती मनापासून हसली. "मंग आपन तिन्ही एकाच ताटमा शेतस."

मग हायवेवर पूल आला. गाड्या वरून जाऊ लागल्या, खाली फक्त आमची टपरी आणि सावली राहिली. एक हप्ता थकला, दोन थकले, बँकेच्या नोटिसा आल्या. मला बँकेची भीती होतीच, पण सोमवारची जास्त होती. "कसा शे मना पैसा?" तिने विचारलं की मी "चांगला शे" म्हणायचो, आणि ती टाकी वाजवून बघायची. एका रविवारी ओळखीच्या ट्रकने मी निघून आलो. तिला भेटलो नाही... दुसऱ्या दिवशी ती कुलूपबंद टपरीसमोर भाकर घेऊन किती वेळ उभी राहिली असेल, हे मी तीन वर्षं मनात येऊ दिलं नाही.

चार-पाच महिन्यांनी फोनवर बँकेचा मेसेज आला, कर्जखातं बंद झाल्याचा. मला वाटलं, बँकेने माफ केलं. सरकार माफ करतं म्हणे, तसंच काही. त्या संध्याकाळी मी गॅरेजमधल्या पोरांना बिर्याणी खाऊ घातली. कुणी भरलं, कसं भरलं, हे विचारायला एक फोन पुरला असता. विचारलं तर भलतंच निघेल, या भीतीने केला नाही.

भरलं होतं अक्काने, हीच गोष्ट साहेबांना सांगायची राहिली होती. मुदत ठेव मोडून, व्याजावर पाणी सोडून. महाजन साहेबांनी हात जोडले होते तिला. "अक्का, त्याने बुडवलं तरी तुमची ठेव बुडत नाही. तो तोटा बँकेचा." ती म्हणाली, "साहेब, कोनी तरी भराच लागस ना? आनी पोऱ्या पयी गया, पन पैसा आठेच शे, टपरीमा." मग बँकेच्या तारणातून मोकळा झालेला कंप्रेसर तिने हातगाडीवर घालून घरी नेला. गेल्या वर्षी मोरीत पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला पैसे नव्हते. आठ महिने खाटेवर होती. जन्मभर दुसऱ्यांची अंथरुणं बदलली तिने...

तिचा एकदा फोन आला होता मला, पळाल्यानंतर वर्षभराने. मी घाबरून उचलला. शिव्या नाहीत, रडणं नाही. "त्या मशिनना पानी कसं काढतस रे?" मला वाटलं, म्हातारी भरकटली. घाईघाईने सांगितलं, टाकीखाली नळासारखी चावी असते, ती उघडायची, आठवड्यातून एकदा, नाहीतर टाकी आतून सडते. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. कोणतं मशीन, कुठे आहे, मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात सोनगीरला जाऊन आलो. तिच्या भाच्याने खोली उघडली. खाटेशेजारी, हात पोचेल एवढ्या अंतरावर, कंप्रेसर होता. तिच्या जुन्या लुगड्याने झाकलेला, धुळीचा कण नाही. "घेऊन जा, तुमचाच ना?" भाचा म्हणाला.  लुगडं काढलं तर टाकीच्या चावीखाली एक पितळी वाटी ठेवलेली. पाणी हवा भरताना साठतं, मशीन बंद असेल तर चावीतून थेंब येत नाही, एवढं मी तिला फोनवर सांगितलं नव्हतं, आणि ती दर आठवड्याला चावी उघडत राहिली असणार. मी चावी उघडली. काही आलं नाही. वाटी आतून घासूनपुसून लख्ख होती, कोरडी. मी चावी बंद केली आणि वाटी होती तिथेच ठेवली.