चंद्रहासने मवाळ केलेला लांडगा

मस्कतच्या कुरुम भागातल्या एका एसी कंपनीत चंद्रहास सव्वीस वर्षं टायपिंग करत होता, आणि सव्वीस वर्षांत त्याने एकही पत्र सांगितलं तसं टाइप केलं नव्हतं. मॅनेजर दयानंदसाहेब मराठीत भडकत, चंद्रहास इंग्रजीत आदर लिही. "त्या बरका गावच्या कंत्राटदाराला कळवा, तू चोर आहेस!" असं साहेब ओरडले की कागदावर उतरे, 'आपल्या सहकार्याची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.' साहेब न वाचता सही ठोकत. कंपनीचं कुणाशी बिनसत नाही याचं श्रेय ते अर्थातच स्वतःच्या गोड स्वभावाला देत.

२०१६ साली चंद्रहास साठीला टेकला. कामाचा परवाना दोन वर्षं वाढवायचा तर साहेबांची सही हवी, आणि अर्ज तीन आठवडे त्यांच्या टेबलावर झोपा काढत होता. "इन्शाल्ला, बघू," एवढंच उत्तर. गावी, वेंगुर्ल्याला परतायची कल्पनाही त्याला नकोशी वाटे. तिथे त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

त्यातच साहेबांच्या सौभाग्यवती कल्पनामॅडम यांनी मराठी मंडळात वाचायचा निबंध टायपिंगला दिला. विषय, मध्ययुगीन युरोपातल्या लॅटिन प्राणिकथा! मस्कतच्या मराठी माणसाचं यावाचून अगदी अडलं होतं, अशी मंडळाची समजूत असावी. पण निबंध खरोखर चांगला होता. रोमन कवीच्या कथा मठांत नकलून घेतल्या गेल्या, पद्याचं गद्य झालं, पोरांनी त्यांवर लॅटिन घोकलं, पाद्र्यांनी त्या प्रवचनात ओढल्या. कथा तीच राहिली, तात्पर्य मात्र ज्याने त्याने बदललं. पुराव्याला लांडग्याच्या घशातलं हाड काढणारा आणि बक्षीस मागताच 'जिवंत सुटलास हेच बक्षीस' असं ऐकून घेणारा करकोचा होता. कवी म्हणतो, दुष्टाकडून बक्षिसाची आशा धरू नका. बाराशे वर्षांनी प्रवचनकार म्हणतो, सरदार गरिबाला राबवतो आणि जिवंत सोडलं म्हणून उपकार सांगतो.

एका गोष्टीला दोन तात्पर्यं? मॅडमची गडबड झाली, असं चंद्रहासला वाटलं. शिवाय दुष्ट, सरदार, राबवणं हे शब्द साहेबांच्या डोळ्यांपुढे गेले तर अर्जाचं काय? त्याने दोन्हीकडे एकच टाइप केलं, 'थोरांच्या सेवेतच समाधान मानावे.'

शुक्रवारी मॅडम वाचता वाचता त्या ओळीपाशी आल्या आणि लालबुंद झाल्या. सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष गहिवरले, "बाराशे वर्षांत तात्पर्याचा कानामात्रा बदलला नाही!"

रविवारी साहेबांनी चंद्रहासला केबिनमध्ये बोलावलं. "लिहा. तुमच्याच नावे. म्हातारा झालास, डोकं चालत नाही, बायकोची सभेत शोभा केलीस. परवाना वाढणार नाही. खलास."

 चंद्रहासला रडूही येत होतं आणि रागही. त्या रागातच त्याने आयुष्यात पहिल्यांदा शब्द न् शब्द टाइप केला, 'खलास'सकट.

परवाच्या अनुभवाने शहाणे झालेले साहेब सहीआधी वाचू लागले. त्यांचा चेहरा उतरला. "हे... मी असं बोलतो?"

"रोजच, साहेब."

"रोज? मग त्या बरक्याच्या माणसालाही..."

"त्याला तर फार वाईट बोललात."

 साहेबांनी माफी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पत्र फाडून त्यांनी परवान्याच्या अर्जावर सही केली आणि तो चंद्रहासकडे सरकवला.

"बसा. इब्रा गावच्या त्या गाढवाला एक पत्र घ्या."