ज्याने ब्रेक बसवला त्याने उतार उतरायचा

चार माणसं, एक पंप आणि पंधरा-वीस बंद पडलेल्या सायकली एका छपराखाली आल्या, की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे रविवारी झाडू मारताना जितके गंजके नटबोल्ट निघतात, तितकेच किस्से निघतात. नटबोल्ट डब्यात जातात. किस्से मी घरी घेऊन येते.

आधी दुकानाची ओळख. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या एका रस्त्याच्या माथ्यावर जुनं जांभ्याचं गोदाम आहे. तिथे आम्ही काही हौशी मंडळी रविवारी सकाळी जमतो. दुकान म्हणायचं, पण विकायला काहीच नाही! लोकांनी देऊन टाकलेल्या सायकली नीट करायच्या आणि ज्याला गरज आहे त्याला द्यायच्या. कुणी स्वतःची मोडकी सायकल घेऊन आलं, तर पाना त्याच्याच हातात ठेवायचा. आपण फक्त सांगायचं, तेही हात पाठीमागे बांधून.

आमचे गुरू हुसेनचाचा. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. बोलतात कमी, पण त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ज्याने ब्रेक बसवला, त्यानेच ती सायकल पहिल्यांदा समोरच्या उतारावरून खाली न्यायची! आमच्याकडचे उतार कसे असतात ते सांगायला नको. त्यामुळे ब्रेकच्या कामात आजवर कुणी अंगचोरपणा केलेला नाही.

आणि मी? मी तिथे शिकायला गेले, तेव्हा मला सायकल चालवताच येत नव्हती!

*

पहिल्या दिवशी चाचांनी विचारलं, "सायकल येते?"

"नाही."

"रिपेरिंग?"

"नाही."

"मंग येतंय काय?"

"गणित. चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय."

चाचांनी डिझेलचं घमेलं आणि गंजलेल्या चेनींचा ढीग माझ्यापुढे सरकवला. "बसा बाई. कड्या किती हायत त्या मोजा. धुऊन मोजा!"

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. लहानपणी भावाला सायकल मिळाली आणि मला मिळालं कॅरियर धरून मागे पळणं. ज्या दिवशी त्याला सायकल आली, त्या दिवशी तो जो सुसाट गेला तो गेलाच, आणि मी रस्त्यात धापा टाकत उभी. याचा राग मला साठाव्या वर्षीही होता. चांगला होता!

*

माझं पहिलं पंक्चर. ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच चिकटवला. टायर चढवून हवा भरली. दहा मिनिटांत टायर पुन्हा बसलेला.

पुन्हा सगळं काढलं, पुन्हा पॅच मारला. हवा पुन्हा गेली. तिसऱ्यांदा मी टायरच्या आतून हात फिरवला आणि किंचाळले. बाभळीचा काटा अजून टायरमध्येच होता!

चाचा शेजारी चहा पीत होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हतं की."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी सांगितलेला तुमी इसरला असतात. काट्याने सांगितलेला नाय इसरणार!"

*

हात पाठीमागे ठेवणं मला काही केल्या जमेना. समोर कुणी नट उलटा फिरवतंय, आणि मी नुसतं बघायचं? एकदा एका कॉलेजच्या मुलीच्या हातून मी पाना अक्षरशः ओढून घेतला.

आमचा संतोष बघत होता. हा माझा जुना विद्यार्थी, आता लाइनमन आहे, आणि दर रविवारी दुकानात असतो. तो म्हणाला, "बाई, चुकू दे तिला. आम्ही फळ्यासमोर अडकलो की तुम्ही अस्साच खडू काढून घ्यायचात."

"मग? उत्तर बरोबर यायचं की नाही?"

"तुमचं यायचं, बाई. आमचं कुठे!"

त्यानंतरचे दोन तास मी ओढणीची गाठ पाठीमागे मुठीत धरून उभी होते.

*

चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे तारा कमी-जास्त आवळून रिम सरळ करायची. मी म्हटलं, हे तर वर्तुळ! हा आपला विषय! त्रिज्या, केंद्रबिंदू, सगळं समजावून सांगत मी तासभर तारा आवळल्या.

चाचांनी चाक फिरवलं. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून.

"बाई, घावन झक्क झालाय. चटणी आणा!"

*

एकदा किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघालेले एक पाहुणे आले. हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेली जर्सी. सायकल अशी की हात लावायला भीती वाटावी. चेन सारखी उतरत होती. माझे काळे हात बघूनही त्यांनी विचारलं, "मॅडम, मेकॅनिक कधी येतील?"

"आलेत. तुमीच!" म्हणून चाचांनी त्यांना जमिनीवर बसवलं. मी सांगत गेले, ते करत गेले. अर्ध्या तासात गिअर जुळला आणि माणूस इतका खूश झाला, की त्याने स्वतःच्या काळ्या हातांचे फोटो काढून बायकोला पाठवले.

जाताना मला म्हणाले, "मॅडम, कमाल आहे तुमची! तुम्ही स्वतः कोणती चालवता?"

मी घाईघाईने फडक्याला हात पुसायला लागले. मग संतोष म्हणाला, "बाई रिक्षाने येतात!"

*

ते मला लागलं. चेन येत होती, पंक्चर येत होतं, घावनसुद्धा सुधारला होता. ब्रेक मात्र मला बंद, कारण उतार कोण उतरणार? आणि मला ब्रेकच हवे होते. ब्रेक येत नाही तो कसला मेकॅनिक!

मग रुबिना माझ्या मदतीला आली. तिचा नवरा कुवेतला असतो, पोरं शाळेत जातात, आणि ती स्वतः बाहेरून दहावीला बसली आहे. आमच्या दुकानातच तिने स्वतःच्या हाताने सायकल दुरुस्त केली, तिथेच चालवायला शिकली. तिचं गणित मी घेणार आणि ती माझी सायकल, असं ठरलं.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी सड्यावरच्या मोकळ्या कातळावर मी पॅडल मारायची आणि ती कॅरियर धरून पळायची. तीन रविवार मी ओरडत होते, "सोडू नकोस!" चौथ्या रविवारी म्हटलं, "सोड आता!" तर ती सोडेना!

"अगं सोड ना!"

"नाय बाई! परीक्षा झाल्यावर सोडते. तुमी पडलात तर माजा बीजगणित कोण घेणार?"

*

आणि मग तो रविवार. मुंबईहून आलेल्या एका लेडीज सायकलला मी नव्या वायरी घातल्या, नवे रबर बसवले, चार वेळा तपासले. चाचांनी उताराकडे बोट दाखवलं. सगळं दुकान बघायला रस्त्यावर आलं.

मी निघाले. वारा कानात शिरला. अर्ध्या उतारावर ब्रेक हळूहळू दाबले आणि सायकल खाली, वळणाच्या अलीकडे, अगदी गुमान थांबली. मी आनंदाने मागे वळून हात केला. पाय टेकायचा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सायकलसकट गटाराशेजारी आडवी!

सगळे धावत आले. चाचा सावकाश आले. मला ओलांडून त्यांनी सायकल उचलली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि जाहीर केलं, "ब्रेक पास!"

कोपर सोललं होतं. मी मात्र वेड्यासारखी हसत होते. इतकी खूश मी शाळेच्या निरोप समारंभातही नव्हते.

वर आल्यावर मी कोपर धूत होते, तेवढ्यात चाचांनी त्यांची स्वतःची सायकल माझ्यासमोर उभी केली. तिला दुसऱ्या कुणी पाना लावलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.

"मागचा ब्रेक सैल झालाय. बगा."

मी वायर ओढून घेतली, रबर सरळ केले, नट आवळला. हात पुसले आणि उतार उतरायला हँडल धरणार, इतक्यात चाचा सीटवर बसले. दुपारच्या नमाजाची वेळ होत आली होती.

"चाचा, थांबा! आधी मी जायचं! नियम आहे तुमचा!"

चाचा निघालेसुद्धा. पहिल्या वळणापर्यंत आम्हाला ते दिसत होते, आणि तिथपर्यंत त्यांनी ब्रेक एकदाही दाबून बघितला नाही.