तीन गाठींची वायर

मी मामाजींच्या मोटारसायकलच्या सव्वीस वायरींपैकी एकोणीस कापल्या. त्यांतली एक कापायला नको होती.

मामाजी म्हणजे माझे सासरे. कुहीकडे त्यांची धानाची शेती, आणि शेतीइतकाच त्यांचा जीव या गाडीवर. गाडी माझ्यापेक्षा वयानं दोन-तीन वर्षं मोठीच असेल, पण मामाजींनी तिला कधी म्हातारी होऊ दिलं नाही. दिवा ट्रॅक्टरचा, भोंगा ट्रकचा, सीट जीपच्या गादीतून कापलेली. मागे एक पिन होती. तिला लांब वायर जोडली की धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मचाणावर बल्ब लागायचा आणि रानडुकरं (म्हणे) लांबूनच नमस्कार करून परत जायची. हँडलवर एक लाकडी फळी आणि तिच्यावर घरातल्या भिंतीवर असतात तशी पाच काळी बटणं! माणूस गाडी चालवतोय की पंखा लावतोय, तेच कळायचं नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मामाजींनी गाडी सोडायचं ठरवलं. जावई दोन : एक मी, दुसरे जरीपटक्याचे माझे साडू प्रमोदराव. महिनाभर गाडी माझ्याकडे राहील असं ठरलं.

"दसऱ्याले येतो पाहाले," मामाजी म्हणाले. "पसंत पडली तर तुमची. नाहीतर त्याच दिवशी प्रमोदराव घेऊन जातीन."

शहाण्या माणसानं गाडी धुतली असती, पुसली असती आणि महिनाभर तिच्यापुढे हात जोडून बसला असता. पण मी नागपुरात सदरला एका ऑफिसात कारकून आहे. आलेली फाईल जशीच्या तशी पुढे जाऊ द्यायची नाही, ही हाडांत मुरलेली सवय! त्यात मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्यानं दहा मिनिटांत जुन्या गाडीचं सगळं वायरिंग उपटून चार वायरींत भागवलं. मला वाटलं, तो चारांत करतो, तर आपण सातांत करायला काय हरकत आहे?

टाकी उतरवली. खाली वायरींचं घरटं! सगळ्या निळ्या. एकजात निळ्या! आणि प्रत्येकीला गाठी. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन.

वंदना (माझी बायको, म्हणजे मामाजींची धाकटी लेक) दारात येऊन उभी राहिली. "अहो, हात लावाच्या आधी मले विचारा बरं."

"तुले काय विचारू वायरिंगचं?"

"त्या गाठी आहेत न..."

"हो न, गाठीच गाठी! काय गबाळं काम करून ठेवलं तुझ्या बाबांनी. तू चहा टाक."

तिनं चहा टाकला. पुढे एक अक्षर बोलली नाही. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाला या शांततेचा अर्थ कळायला हवा होता. मला वाटलं, पटलं तिला!

मग अख्खी दुपार बसून मी त्या गाठी सोडवल्या. (वंदनाच्याच केसांच्या पिनेनं.) वायरी सरळ केल्या, पुसल्या, आणि परीक्षा घेतली. बॅटरी जोडून एकेक बटण दाबायचं. पहिलं दाबलं, दिवा लागला. पास! दुसरं दाबलं, भोंगा वाजला आणि शेजारच्या घरात काहीतरी पडलं. पास! तिसऱ्यानं मागचा दिवा. चौथं मचाणाच्या बल्बचं. नागपुरात रानडुकरं कुठली? नापास! पाचवं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरलं. ढिम्म!

"फुकटचं बसलं आहे लेकाचं," मी म्हणालो, आणि इंजिनातून त्याच्याकडे येणारी वायर कटरनं कच्च!

ते गाडी बंद करायचं बटण होतं. बंद गाडीत बंद करायचं बटण दाबून पाहिल्यावर काय होणार, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही.

असल्या जुन्या गाडीचं इंजिन आपली ठिणगी आपणच पाडतं. त्याला बॅटरी लागत नाही, चावी लागत नाही. एक किक मारली की ते चालू. थांब म्हणून मात्र त्याला सांगावं लागतं. आणि ते सांगणारी वायर त्या गाडीत एकच होती. आता ती पाऊण बादली वायरींच्या ढिगात पडली होती.

फळी काढून मी एक चकचकीत चावी बसवली. टाकी काठोकाठ भरली. चालू करून पाहिली का? छे! पहिली किक मामाजींच्या समोर, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सगळ्यांच्या साक्षीनं!

दसऱ्याला मामाजी आले. पाठोपाठ ऑटोतून प्रमोदराव उतरले. लोक दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन येतात. प्रमोदरावांनी पानं खिशात कोंबली होती आणि हातात नवंकोरं हेल्मेट होतं.

"हे काहून आणलं?" मी विचारलं.

"असंच. सहज," प्रमोदराव म्हणाले आणि गाडीकडे पाहून हसले.

मी चावी फिरवून दिवा लावला आणि किक मारली. एका किकमध्ये चालू! गल्लीत टाळ्या पडल्या. मामाजींचे डोळे पाणावले. मी छाती फुगवून चावी उलटी फिरवली. दिवा विझला. इंजिन धडधडतच राहिलं. चावी परत फिरवली. दिवा लागला. इंजिनाला कशाचं सोयरसुतक नाही.

"बंद करा आता, पूजा करू," मामाजी म्हणाले.

"असू द्या, मामाजी. इंजिन जरा गरम होऊ द्या."

"कितीक गरम? पापड भाजाचे आहेत का?"

"तसं नाही. चालू गाडीची पूजा जास्त लागू पडते. सदरकडे सारे असंच करतात!"

"आमच्या जरीपटक्यात तर कोणी नाही करत," प्रमोदराव बोलले.

वंदनानं टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं. टाकी अशी थरथरत होती की स्वस्तिकाऐवजी विदर्भाचा नकाशा उमटला. मग गाडीनं चालायला सुरुवात केली! स्टँडवर होती, पण हादऱ्यानं बोटबोट मागे सरकू लागली. चाकाखालचं लिंबू नालीत गेलं. रांगोळीतून आरपार वाट पडली. गाडी मागे मागे चालली आहे आणि वंदना आरतीचं ताट घेऊन ओवाळत तिच्या पुढे पुढे चालली आहे, अशी पूजा आमच्या गल्लीनं पूर्वी पाहिली नव्हती.

समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "काहून गा, गिरणी टाकली का?"

"बॅटरी चार्ज होऊन राहिली, काकू!" मी ओरडलो. मग मामाजींकडे वळून वायरिंग सोपं करण्याचे फायदे सांगू लागलो. वजन कमी होतं, धोका कमी होतो, मायलेज वाढतं... थांबलो असतो तर त्यांनी पुन्हा "बंद करा" म्हटलं असतं. मामाजी मिशीतल्या मिशीत काहीतरी चघळत ऐकत होते. वंदना पुऱ्या तळायला आत गेली.

प्रमोदरावांना मात्र संशय आला. त्यांनी हेल्मेट चढवलं. "मामाजी, यांच्यानं गाडी बंद नाही होऊन राहिली! मी केली बंद, तर गाडी माझी?"

मामाजींनी होकारार्थी मान हलवली.

प्रमोदराव जन्मभर बिनगिअरची स्कूटर चालवत आलेले. ते वाकले, इंजिनाच्या डोक्यावर एक रबरी टोपी दिसली. "हे उपटलं की काम तमाम!" म्हणत त्यांनी ती गच्च धरली. ठिणगी नेमकी त्याच टोपीतून जात होती. प्रमोदराव हेल्मेटसकट दोन फूट उडाले! खिशातली आपट्याची पानं हवेत गेली आणि साऱ्या गल्लीला एकदमच सोनं वाटून झालं.

किंकाळी ऐकून वंदना आली. आधी गॅस बंद करून आली. (बंद करायच्या गोष्टी वेळच्या वेळी बंद करायची तिला सवय आहे.) पदर खोचला, "सरका" म्हणाली, गाडीवर बसली, स्टँड काढला, ब्रेक दाबला, गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. गाडीनं एक उचकी दिली. शांत.

क्लच सोडून गाडी बंद पाडायची ही गोष्ट मी माझ्या गाडीवर सदरच्या सिग्नलला रोज न ठरवता करतो! मागचे लोक शिव्या देतात. पण आज पाहिजे तेव्हा सुचेल तर शपथ!

"तीन गाठींची वायर कुठी आहे?" वंदनानं विचारलं.

मी बादली आणून दाखवली. सगळ्या वायरी सरळ, स्वच्छ, एकसारख्या.

"निळी वायर बंडलच्या बंडल भेटली होती," मामाजी म्हणाले. "रंग कुठून आणू? हे पोरगी तेव्हा दहा वर्षांची. म्हणे, बाबा, गाठी मारू. एक गाठ दिव्याची, दोन भोंग्याच्या, तीन गाडी बंद कराच्या. साऱ्या हिच्याच हातच्या."

मी वंदनाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं मला अजून दिसतं.

मामाजींनी चकचकीत चावी काढून तिच्या हातात दिली. "गाडी वंदीची. गाठी हिनं मारल्या होत्या, हेच मारीन परत."

प्रमोदरावांनी डोक्यावरचं हेल्मेट उतरवून तिला दिलं. नेमकं बसलं! ते घालून, पीठ लागलेल्या हातांनी हँडल धरून, ती दहा वर्षांच्या पोरीसारखी हसली. खरं सांगायचं तर गाडीवर ती माझ्यापेक्षा कितीतरी शोभत होती. पण कबूल कसं करायचं?

"पण मामाजी," मी म्हणालो, "तत्त्व म्हणून पाहा. सव्वीसच्या सात झाल्या की नाही? आता त्या गोऱ्या माणसानं तर चारांतच..."

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "गाडीची बंद व्हाची वायर तुम्ही कापली, ठीक आहे. तुमची कोणं कापली?"