मामीचा नकार

साऱ्या वाशीम जिल्ह्यात माझ्या मामाइतका धाडसी व्यापारी झाला नाही आणि बायकोच्या नकारावर इतका विसंबून राहिलेला माणूसही झाला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. शेलूबाजारला हायवेलगत त्याचं दुकान. नवा धंदा डोक्यात आला की तो कुणा जाणकाराकडे जात नसे. मामी भाकरी थापायला बसली की समोर पाट ओढून बसायचा, कारण तव्यावर भाकरी असताना तिला उठून जाता येत नसे. "बर्फाचा कारखाना टाकून राह्यलो," असं त्यानं म्हटलं, की मामी मान वर न करता सुरू व्हायची. "कायले? उन्हाळा सरला का बर्फ कोन घेते? अन् लाइन गेली का त्याचं पानी होईन, मंग?" शेवटची भाकरी उतरेपर्यंत त्या धंद्याची पार चाळणी झालेली असे आणि मामा तृप्त मनानं जेवायचा. पुढे महिनाभर तो त्या चाळणीचं एकेक भोक बुजवत फिरे. लाइन जाते म्हणून जुना जनरेटर, पावसाळ्यासाठी दूधवाल्यांशी आधीच बोलणी. मामीला आणखी काही सुचेनासं झालं की ती नुसता तवा आपटायची. तवा वाजला की मामा मुहूर्त काढायचा. लोक म्हणत, याची छाती मोठी. छाती कसली, घरात मामी होती!

तिला न विचारता त्यानं एकच धंदा केला. ती माहेरी मालेगावला गेली असताना दुकानामागच्या खोलीत मशरूम लावले, तेही ऐन वैशाखात. असा वास सुटला की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडूनच भाव विचारू लागलं. मामी परतली ती नाकाला पदर लावूनच. "मले इचारलं असतं तं नाही म्हनलं असतं."

"तेच तं चुकलं," मामा पडेल आवाजात म्हणाला.

मागच्या वर्षी त्यानं हळद पॉलिश करायचं यंत्र मनात धरलं. गोदाम भाड्यानं घेतलं, यंत्रवाल्याशी बोलणं झालं, फक्त मामीचा नकार बाकी होता. पण मामी तेव्हा अंथरुणाला खिळली होती आणि भाकरी सून करत होती. मामा पाट घेऊन तिच्या खाटेशी बसला. मी तिथंच होतो. त्यानं सगळं सांगितलं, वर स्वतःच आमिषही टाकलं. "पावसाळ्यात हळद येत नाही. यंत्र बंदच राह्यते म्हना."

मामी त्याच्याकडे पाहून हसली. "करा," ती म्हणाली. "चांगलं होईन."

मामा पाट तिथंच टाकून ओट्यावर आला. "बाबू, तुही मामी हो म्हनली रे," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनी तोवर आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आत ती गेली. गोदाम अजून रिकामं आहे. मामा रोज शटर उघडतो, आत खुर्ची टाकून बसतो, दुपारी बंद करतो. मला त्याच्याकडे बघवत नाही. परवा गेलो तर मला समोर बसवून त्यानं सगळा बेत पुन्हा सांगितला आणि म्हणाला, "आता तू नाही म्हन."

"मामा, नको करू. या वयात कायले डोक्याले ताप?"

त्याचे डोळे क्षणभर उजळले. "काहून नको?"

मी पुन्हा वयाचंच बोललो. मामानं पुढच्या कारणाची वाट पाहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे. तुले नाही जमत," तो म्हणाला आणि शटर ओढायला उठला.